दोन शिक्क्यांची पदवी, पण प्रश्न कुणाचे?

जून २०२५ मध्ये मुंबईत एक सरकारी समारंभ झाला आणि पाच परदेशी विद्यापीठांना इथे शाखा उघडण्यासाठी इरादापत्रं देण्यात आली. ब्रिटनमधली यॉर्क आणि अ‍ॅबरडीन, ऑस्ट्रेलियातलं वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ, अमेरिकेतली इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि डिझाईन शिकवणारी इटलीतली एक संस्था. नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात ‘एज्युसिटी’ उभारायची, असा सरकारचा बेत आहे. आता हा विमानतळ कुठे? पनवेल तालुक्यात. म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात! आमच्या रेवदंड्याच्या मुलींची सकाळची एस.टी. चुकली तर अलिबागच्या कॉलेजातलं पहिलं लेक्चर बुडतं, आणि त्याच जिल्ह्यात आता परदेशी विद्यापीठं येणार.

बातमी आली तेव्हा आमच्या बचत गटातल्या एकीने मला विचारलं, "ताई, मग आता परदेशी डिग्री पनवेललाच मिळणार का हो?" प्रश्न सहज विचारलेला नव्हता. तिची मुलगी बायोटेक्नॉलॉजी घेऊन बी.एस्सी. करते आहे. आपल्याकडे मुलीच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, की ‘पुढे काय शिकणार?’ हे कुणी विचारायच्या आधी स्थळ दारात उभं असतं. त्यामुळे पुढच्या शिक्षणाचा मार्ग आईला वेळेवर कळला, तरच उपयोग.

मी स्वतः कला शाखेची. पण गावातल्या पेशंटला घेऊन कधी अलिबागला, कधी खारघरला, कधी परळला जाणं होतं. दवाखान्यातली यंत्रं, त्यांची बिलं आणि त्या बिलांपुढे हतबल झालेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून या विषयात जरा खोलवर शिरले.

नक्की शिकायचं काय?

बायोइंजिनिअरिंग म्हणजे शरीराच्या कामाला इंजिनिअरिंगची जोड. नाव जड वाटलं तरी त्याची फळं आपल्या घराघरांत आहेत. सासूबाईंचा बदललेला गुडघा, दिराच्या हृदयात बसवलेली स्प्रिंग, पेसमेकर, बोटाला टोचून साखर बघायची पट्टी, आठवड्यातून दोन-तीनदा ज्याच्यासाठी प्रवास करावा लागतो ते डायलिसिसचं मशीन, ही सगळी याच विद्येची देणगी. केरळातल्या श्रीचित्रा संस्थेने बनवलेली हृदयाची झडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. आयात झडपेपेक्षा ती कितीतरी स्वस्त होती. तेही बायोइंजिनिअरिंगच.

यातलं खरं शिक्षण सुरू होतं ते पदवीनंतर. इथे शब्दाचा एक घोळ आहे, तो आधी सोडवू. आपण ग्रॅज्युएट म्हणतो ते बी.ए., बी.एस्सी. झालेल्यांना. अमेरिकेत ‘ग्रॅज्युएट’ शिक्षण म्हणजे त्याच्या पुढचं, एम.एस. आणि पीएच.डी. जाहिरातीत ‘ग्रॅज्युएट प्रोग्रॅम’ असं वाचून बारावीनंतरचं शिक्षण समजू नका.

या पुढच्या शिक्षणात भागीदारी लागते, कारण हा विषय एकट्यादुकट्याचा नाही. डॉक्टर हवा, जीवशास्त्रज्ञ हवा, इंजिनिअर हवा आणि महागडी प्रयोगशाळाही हवी. एका संस्थेत सगळं असेलच असं नाही. म्हणून दोन देशांतल्या संस्था एकमेकींचा हात धरतात.

याचं आपल्याजवळचं उदाहरण पवईत आहे. आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियातलं मोनाश विद्यापीठ यांनी मिळून २००८ मध्ये एक संशोधन अकादमी सुरू केली. इथे पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला दोन मार्गदर्शक, एक मुंबईचा, एक मेलबर्नचा. बराचसा काळ पवईत आणि काही महिने ऑस्ट्रेलियात काम करायचं. शेवटी मिळणारी पदवी दोन्ही संस्थांची. जैवतंत्रज्ञान, मूलपेशी, पाणी, ऊर्जा असे विषय तिथे आहेत. महत्त्वाचं म्हणजे संशोधन करणाऱ्याला दरमहा शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे मुलगी शिकतेही आणि कमावतेही.

खारघरमध्ये घडलेली गोष्ट

आता या विद्येचा आपल्या माणसाला उपयोग काय, ते पाहा. कर्करोगावर ‘कार-टी’ नावाचा उपचार निघाला. रुग्णाच्या रक्तातल्या लढवय्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकात बदल करून त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवायचं, त्यांची संख्या वाढवायची आणि पुन्हा त्याच रुग्णाच्या शरीरात सोडायच्या. बाहेरचं औषध नाही, आपलेच शिपाई, फक्त नव्याने कवायत शिकलेले! अमेरिकेत २०१७ मध्ये याला मान्यता मिळाली. पण खर्च आपल्या पैशात तीन-चार कोटींच्या घरात. आपल्यासारख्यांनी फक्त वाचायची बातमी.

आयआयटी मुंबईच्या बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंग विभागातले प्रा. राहुल पुरवार अमेरिकेत काम करून परत आले होते. त्यांनी हा उपचार इथेच तयार करायचं ठरवलं. त्यांच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करणाऱ्या अलका द्विवेदी यांचा त्यात मोठा वाटा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या शास्त्रज्ञांचं सहकार्य मिळालं आणि रुग्णांवरच्या चाचण्यांसाठी टाटा मेमोरियलचे डॉक्टर बरोबर आले. ४ जून २०२१ रोजी भारतातल्या पहिल्या रुग्णाला हा उपचार दिला गेला. कुठे? टाटाच्या खारघरच्या केंद्रात. म्हणजे पुन्हा आपल्याच रायगडात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार १९’ या नावाने त्याला सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटीत त्याचं लोकार्पण केलं. किंमत सुमारे ४० लाख रुपये.

चाळीस लाख काही थोडे नाहीत. नारळी-पोफळीची वाडी आणि राहतं घर विकूनही आपल्यातल्या अनेकींना ते जमायचे नाहीत. शिवाय हा उपचार रक्ताच्या ठराविक कर्करोगांवर आहे आणि सर्वांनाच गुण येतो असंही नाही. पण कोटींवरून लाखांवर किंमत आली ती कशामुळे? ज्ञानाची देवाणघेवाण परदेशाशी झाली, पण काम इथे झालं, इथल्या रुग्णांवर झालं आणि इथे परवडावं या हेतूने झालं. यात दोन विद्यापीठांच्या संयुक्त पदवीचा कागद नव्हताच. तरी मला विचाराल तर खरी भागीदारी ती हीच.

नियम काय सांगतात?

बाजारात मात्र ‘परदेशी भागीदारी’ या एकाच नावाखाली वेगवेगळा माल असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, मे २०२२ मध्ये नियम करून तीन प्रकार मान्य केले. पहिला ट्विनिंग. यात पदवी भारतीय संस्थेची, फक्त थोडा भाग, जास्तीत जास्त ३० टक्के, परदेशी विद्यापीठात करायचा. दुसरा संयुक्त पदवीचा. एकच प्रमाणपत्र आणि त्यावर दोघांची चिन्हं. तिसरा दुहेरी पदवीचा. एकाच अभ्यासासाठी दोन्ही संस्था आपापली पदवी देतात. करार करणारी भारतीय संस्था कोणत्या दर्जाची हवी आणि परदेशी विद्यापीठ जगाच्या क्रमवारीत कुठे हवं, याच्याही अटी आहेत. आपलं नाव दुसऱ्याला वापरायला देऊन गल्लीत वर्ग चालवायचे, ती फ्रँचायझी पद्धत यात चालत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेले नियम वेगळे. ते परदेशी विद्यापीठाने भारतात स्वतःची शाखा उघडण्याचे आहेत. एज्युसिटी ही त्यातलीच. तिथे प्रवेश कसे द्यायचे आणि फी किती घ्यायची, हे ते विद्यापीठच ठरवणार. आणि या शाखांच्या सुरुवातीच्या घोषणांमध्ये भर दिसला तो संगणक, व्यवस्थापन, अर्थशास्त्र अशा विषयांवर. साहजिक आहे. वर्गात फळा आणि संगणक असला की हे विषय शिकवता येतात. बायोइंजिनिअरिंगला प्रयोगशाळा लागते, हॉस्पिटल लागतं आणि वर्षानुवर्षांचा धीर लागतो. म्हणून ‘पनवेलला परदेशी विद्यापीठ आलं, आता माझी मुलगी तिथे संशोधन करणार’ असं लगेच गृहीत धरू नका.

डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीने आणखी एक इशारा दिला. काही खासगी शिक्षण कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ऑनलाइन पदव्या विकत होत्या. अशा मान्यता नसलेल्या पदव्या ग्राह्य धरल्या जाणार नाहीत, असं आयोगाने स्पष्ट केलं.

हा इशारा कोरडा वाटेल, पण त्याची झळ कशी लागते ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात एक गृहस्थ गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आले. ‘आंतरराष्ट्रीय विद्यापीठाशी सहकार्य, बायोमेडिकलमध्ये एम.एस., नोकरीची हमी.’ लाखांत फी आणि पहिला हप्ता आठ दिवसांत भरायचा. मुलगी हुशार, आई-वडील हौशी. वडिलांनी वाडी गहाण टाकायची बोलणीसुद्धा सुरू केली होती. आम्ही दोघी-तिघी त्या गृहस्थांसमोर बसलो आणि विचारलं, "पदवीच्या कागदावर नाव कुणाचं? यूजीसीच्या कोणत्या नियमाखाली हा करार झालाय? कराराची प्रत दाखवा." त्यांनी मोबाईलवर परदेशातल्या इमारतीचा फोटो दाखवला! कराराची प्रत काही शेवटपर्यंत आली नाही. वाडी वाचली. मुलगी आता एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते आहे.

तीन प्रश्न विचारायचे

यावरून मी तीन प्रश्नांची गाठ पदराला बांधली आहे. परदेशी भागीदारीची कोणतीही बातमी वाचली किंवा जाहिरात पाहिली, की हे तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, पैसा कोण कुणाला देतंय? चांगल्या संशोधनाच्या जागी विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळते. केंद्र सरकारची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली आणि पुढच्या टप्प्यात ती ४२ हजार होते. पीएच.डी.साठी कुणी लाखो रुपये मागत असेल, तर दहा वेळा विचार करा.

दुसरा प्रश्न, पदवी कुणाची आणि ती आपल्याकडे चालते का? हा प्रश्न लाजून सोडायचा नाही. लग्न ठरवताना आपण मुलाच्या पगाराची चौकशी करतोच ना? मग मुलीच्या पदवीची का नको?

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. संशोधन कुणाच्या प्रश्नावर होणार? परदेशातला प्राध्यापक त्याच्या देशाचा प्रश्न देणार, आपली मुलगी त्यावर पाच वर्षं राबणार आणि शेवटी औषध किंवा यंत्र आपल्यालाच दुप्पट किमतीत विकत घ्यावं लागणार. असं असेल, तर भागीदारी कसली? ती स्वस्तातली मजुरीच!

हा प्रश्न आज पहिल्यांदा येतोय असं नाही. कमला सोहोनी, म्हणजे माहेरच्या कमला भागवत, दुर्गाबाईंच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या मुलीला बंगळूरच्या विज्ञान संस्थेत ‘मुलगी आहेस’ म्हणून प्रवेश नाकारला गेला, आणि नाकारणारे होते सर सी. व्ही. रामन! कमलाबाई हटल्या नाहीत. अटी सोसून शिकल्या, केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएच.डी. होऊन परत आल्या. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अभ्यास कशाचा केला? ताडामाडाच्या नीरेचा! गरिबाच्या घरातल्या मुलांना आणि गरोदर बायांना नीरेने पोषण मिळेल का, हा त्यांचा प्रश्न होता. विद्या केंब्रिजची, पण प्रश्न आपल्या मातीतला. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचू चावला की माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावायची. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरी करताना त्यांनी एकेका रुग्णाच्या नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध विंचूदंशावर चालतं, हे दाखवून दिलं. ‘लॅन्सेट’सारख्या जगद्विख्यात मासिकाने त्यांचं काम छापलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते बायोइंजिनिअर नव्हेत, पण प्रश्न रायगडचा असला तरी जग कान देऊन ऐकतं, हे त्यांनी सिद्ध केलं.

मग आज आपल्या किनाऱ्याचे प्रश्न कोणते? खारी हवा घ्या. रेवदंड्यात खिडकीचे गज, सायकलची चेन, फ्रीजची मागची बाजू, सगळं गंजतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मग आरोग्य केंद्रातलं नाजूक यंत्र कसं टिकेल? ते बनलेलं असतं थंड, कोरड्या, चोवीस तास वीज असलेल्या हॉस्पिटलसाठी. इथे पावसाळ्यात दोन दिवस लाईट नसते. खाऱ्या वाऱ्यात आणि विजेच्या लपंडावात तग धरेल असं रक्त तपासायचं, गर्भातल्या बाळाचे ठोके ऐकायचं, ऑक्सिजन मोजायचं यंत्र बनवणं, हे बायोइंजिनिअरिंगचंच काम आहे. आणि हा प्रश्न मेलबर्नच्या प्राध्यापकाला सुचणार नाही. तो सुचेल समुद्राकाठी वाढलेल्या मुलीला.

म्हणूनच आपल्या मुली या विषयात जायला हव्यात, असं मला वाटतं. नुसतं ‘फॉरिन रिटर्न’ म्हणवून घेण्यासाठी नव्हे.

रस्ता कसा धरायचा?

बारावी विज्ञान झालेल्या मुलींसाठी इंजिनिअरिंगचा मार्ग आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. प्रवेश सरकारी प्रवेश प्रक्रियेतून घेतलेला असावा लागतो, हे ध्यानात ठेवा. बी.एस्सी. करणाऱ्या मुलींनी ‘जॅम’ या परीक्षेची माहिती घ्यावी. त्यातून आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. इंजिनिअर झालेल्यांना ‘गेट’, त्यात २०२० पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी ‘नेट’. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थाही आपापल्या समाजघटकांतल्या संशोधकांना मदत करतात. हे सगळे अर्ज मोबाईलवरून भरता येतात. फक्त शेवटची तारीख उलटून जायला नको.

सरकारकडेही आपलं एक मागणं असायला हवं. अलिबागला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लोणेऱ्याला १९८९ मध्ये स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. खारघरला टाटाचं केंद्र आहे. डॉक्टर, इंजिनिअर आणि संशोधक तिघेही एकाच जिल्ह्यात! परदेशी विद्यापीठांना जागा देताना त्यांना सांगा, की या संस्थांना बरोबर घ्या, इथल्या मुलींसाठी काही जागा शिष्यवृत्तीच्या ठेवा आणि निदान काही संशोधन इथल्या रोगांवर, इथल्या हवेवर करा. ग्रामसभेत आपण पाण्याच्या टाकीबद्दल बोलतो, तसं आमदार-खासदार गावात आले की याबद्दलही बोलायला काय हरकत आहे?

आणि मैत्रिणींनो, एक काम उद्याच करता येईल. ज्यांच्या मुली विज्ञान शिकतायत, त्यांनी कॉलेजात जाऊन सरांना किंवा मॅडमना विचारा, "आमच्या मुलीला जॅम, गेट, नेटचे अर्ज कधी भरायचे?" त्या तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. स्थळं काय, पुढच्या वर्षीही येतील. अर्जाची तारीख मात्र आपल्यासाठी थांबत नाही.